ईईजीलॅबवर हात बसवण्यासाठी : मेंदूच्या विद्युत नोंदींच्या विश्लेषणाचा पहिला सराव

हान्स बर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची विद्युत नोंद, म्हणजेच ईईजी, पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज ही नोंद घेणे पुष्कळ सोपे झाले आहे. मानसशास्त्र किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे घोडे अडते ते त्यापुढे, कारण टाळूवर (म्हणजे डोक्याच्या त्वचेवर) मिळणारा मेंदूचा संकेत साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टांचा असतो, तर एका साध्या पापणीच्या उघडझापीने पुढच्या इलेक्ट्रोडवर त्याच्या कित्येक पट मोठा उंचवटा येतो. या गोंधळातून हवे ते वेगळे काढण्यासाठी सॉफ्टवेअर लागते, आणि हे सॉफ्टवेअर प्रत्येक बटण दाबल्यावर काही ना काही उत्तर देतेच. ते उत्तर बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी मात्र ते घेत नाही. म्हणून या सरावात एकच शिस्त शेवटपर्यंत पाळावी : प्रत्येक पायरीपूर्वी काय दिसायला हवे याचा अंदाज वहीत लिहावा, मग बटण दाबावे, आणि दोन्ही जुळले नाही तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

सरावासाठी येथे ईईजीलॅब हे सॉफ्टवेअर घेतले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील केंद्रात आर्नो डेलॉर्म आणि स्कॉट मेकिग यांनी ते विकसित केले आणि त्याविषयीचा मूळ शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. फील्डट्रिप, ब्रेनस्टॉर्म आणि एमएनई-पायथन हे पर्यायही तितकेच भक्कम आहेत. ज्याला पायथन चांगले येते त्याने एमएनई घ्यावे, आणि ज्याला संकेताचा मेंदूतील उगम शोधायचा आहे त्याला ब्रेनस्टॉर्म अधिक सोयीचे पडेल. परंतु प्रोग्रॅमिंगची सवय नसलेल्याने ईईजीलॅबपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्यात सगळे काम मेनूमधून होते आणि तरीही प्रत्येक क्लिकमागची आज्ञा पडद्याआड नोंदली जाते. तिचा उपयोग पुढे येईलच. सॉफ्टवेअरचे मेनू इंग्रजीत आहेत. त्यांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत.

बसवणे आणि नमुना नोंद उघडणे

ईईजीलॅब स्वतः मोफत असले तरी ते मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत चालते आणि मॅटलॅबला परवाना लागतो. अनेक महाविद्यालयांकडे तो असतो. नसल्यास मॅटलॅबशिवाय चालणारी तयार आवृत्तीही मिळते. उतरवून घेतलेले फोल्डर अशा ठिकाणी ठेवावे की ज्याच्या पूर्ण पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरे असतील आणि मोकळी जागा नसेल. त्यानंतर मॅटलॅबमध्ये त्या फोल्डरवर जाऊन ईईजीलॅब हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबले की निळसर खिडकी उघडते. येथे नवशिके हमखास एक चूक करतात : मॅटलॅबच्या पाथमध्ये, म्हणजे ते ज्या फोल्डरांत फंक्शने शोधते त्या यादीत, मुख्य फोल्डरबरोबर त्यातील सगळी उपफोल्डरेही जोडून टाकतात. त्यामुळे एकाच नावाची दोन फंक्शने एकमेकांवर आदळतात आणि पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी त्रुटी येते. फक्त मुख्य फोल्डर जोडावे. बाकीचे ईईजीलॅब स्वतः पाहून घेते.

सॉफ्टवेअरसोबत नमुना-डेटाचे एक फोल्डर येते. 'फाइल' मेनूतील 'लोड एक्झिस्टिंग डेटासेट' निवडून त्यातील ईईजीलॅब_डेटा नावाची सेट फाइल उघडावी. हा एका व्यक्तीचा दृश्य-अवधानाचा प्रयोग आहे. पडद्यावर आडव्या रांगेत पाच जागा होत्या. त्यांपैकी ठरवून दिलेल्या जागेकडे नजर न वळवता लक्ष ठेवायचे आणि तिथे चौकोन दिसला की अंगठ्याने बटण दाबायचे, असे काम होते. चौकोन दिसल्याच्या क्षणाला 'स्क्वेअर' आणि बटण दाबल्याच्या क्षणाला 'आरटी' असे इव्हेंट नोंदवलेले आहेत.

मुख्य खिडकीत ३२ चॅनल (प्रत्येक इलेक्ट्रोडचे एक), ३०५०४ फ्रेम (वेळेचे नमुने), १५४ इव्हेंट आणि १२८ हर्ट्‌झ सॅम्पलिंग रेट असे आकडे दिसतात. अंदाजाची सवय येथूनच लावावी. सेकंदाला १२८ नमुने घेतले असतील तर ३०५०४ नमुन्यांना किती वेळ लागेल? भागाकार २३८.३ सेकंदांच्या आसपास येतो, आणि खिडकीत शेवटची वेळ २३८.३०५ दिसते, पहिला नमुना शून्याव्या सेकंदाला मोजला जातो म्हणून शेवटचा नमुना पूर्ण भागाकाराच्या किंचित आधी येतो. हा हिशोब पोरकट वाटेल, परंतु स्वतःची नोंद आयात करताना सॅम्पलिंग रेट चुकीचा वाचला गेला असेल तर तो याच भागाकारात पकडला जातो. १५४ इव्हेंटांपैकी ८० चौकोनांचे आणि ७४ बटणांचे आहेत, म्हणजे निदान सहा चौकोनांना स्वतःचे उत्तर नाही. ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. ही नोंद सलग दिसत असली तरी ती मूळच्या बऱ्याच लांब नोंदीतून तीन-तीन सेकंदांचे तुकडे काढून, ते एकापुढे एक जोडून, शिकवण्यासाठी तयार केलेली आहे. त्यामुळे सांध्यांवर रेषेत अचानक उडी दिसली तर ती मेंदूची समजू नये.

आता 'एडिट' मेनूतील 'चॅनल लोकेशन्स' उघडून इलेक्ट्रोडच्या जागांची फाइल वाचून घ्यावी. तीही त्याच फोल्डरमध्ये आहे आणि तिच्या नावात ३२ हा आकडा आहे. मग 'प्लॉट' मेनूतून डोक्याचा नकाशा काढावा. एफझेड पुढे, ओझेड मागे, टी७ डावीकडे आणि टी८ उजवीकडे आहे ना, हे बोट ठेवून पाहावे. स्वतःच्या नोंदीत दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या जागा वापरल्या की नकाशा ९० अंशांत फिरलेला निघणे अगदी सामान्य आहे, आणि तसे झाले तर पुढचे सगळे नकाशे सुबक पण चुकीचे येतात. या ३२ चॅनलांपैकी ईओजी१ आणि ईओजी२ ही दोन डोळ्यांच्या हालचालींसाठी आहेत; त्यांचा प्रकार ईओजी असा भरून ठेवावा.

डोळ्यांनी पाहणे

घाई झालेला विद्यार्थी ही पायरी टाळतो. माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. 'प्लॉट' मधील 'चॅनल डेटा (स्क्रोल)' उघडावे, उजव्या कोपऱ्यातील स्केल ५० च्या आसपास ठेवावा, आणि संपूर्ण नोंद, चार मिनिटांची का असेना, एकदा शेवटपर्यंत सरकवत पाहावी. पापणीची उघडझाप कपाळावरच्या एफपीझेड आणि डोळ्यांच्या चॅनलवर गोलसर, सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास टिकणारा उंचवटा म्हणून दिसते आणि मागे जावे तशी विरत जाते. जबडा आवळला की टी७ आणि टी८ जवळ रेषा दाट, केसाळ होते. सेकंदाला सुमारे दहा लाटांची सुबक माळ ओ१, ओझेड, ओ२ जवळ दिसली तर ती अल्फा लय असते. एखादेच चॅनल इतरांपासून पूर्ण फटकून वागत असेल, तर त्या इलेक्ट्रोडचा टाळूशी संपर्क नीट नव्हता असे समजावे. पहिल्या सरावात काहीही कापू नये. फक्त कुठे काय दिसले ते सेकंदासह लिहावे.

त्यानंतर 'चॅनल स्पेक्ट्रा अँड मॅप्स' काढावे. स्पेक्ट्रम म्हणजे कोणत्या वारंवारतेचा संकेत किती जोरकस आहे हे दाखवणारा आलेख. या खिडकीत एक छोटी खुबी आहे. डेटाचा किती टक्के भाग वापरायचा, याच्या चौकटीत आधीच एक लहान आकडा भरलेला असतो, आणि तो भाग यादृच्छिक पद्धतीने निवडला जातो. म्हणून एकच आलेख दोनदा काढला तर थोडा वेगळा येतो आणि विद्यार्थी गोंधळतात. नोंद छोटी आहे, तेव्हा तेथे सरळ १०० लिहावे. वारंवारता वाढेल तशी उतरत जाणारी वक्ररेषा आणि १० हर्ट्‌झजवळ एक उंचवटा, हे निरोगी स्पेक्ट्रमचे रूप आहे.

फिल्टर आणि रेफरन्स

फिल्टर नेहमी सलग नोंदीवर लावावा, तुकडे पाडल्यानंतर नव्हे, कारण प्रत्येक तुकड्याच्या टोकांशी फिल्टर विकृती निर्माण करतो. 'टूल्स' मधील 'फिल्टर द डेटा' खाली 'बेसिक एफआयआर फिल्टर' निवडून खालच्या मर्यादेत १ भरावा, म्हणजे त्याखालचे अतिसावकाश चढउतार गाळले जातात. येथे मॅटलॅबच्या कमांड विंडोकडे पाहण्याची सवय फायद्याची ठरते. आपण १ लिहिलेले असते, पण तेथे कटऑफ ०.५ हर्ट्‌झ असल्याचे छापून येते. आपण भरलेला आकडा हा संकेत जिथून अबाधित जाऊ दिला जातो ती कड असते, तर संकेत अर्ध्यावर येण्याची वारंवारता त्याच्या खाली पडते. शोधनिबंधात यांपैकी कोणता आकडा लिहिला, हे स्पष्ट न केल्यास दुसऱ्या कोणाला तोच फिल्टर पुन्हा लावता येत नाही.

१ हर्ट्‌झचा हा फिल्टर पुढच्या पायरीतील घटक वेगळे करण्यासाठी चांगला असतो, परंतु पी३०० (अपेक्षित गोष्ट दिसल्यावर सुमारे ३०० मिलीसेकंदांनंतर उमटणारा मेंदूचा प्रतिसाद) सारख्या सावकाश चढणाऱ्या प्रतिसादाचा आकार तो बिघडवू शकतो. म्हणून खऱ्या संशोधनात दोन प्रती ठेवाव्यात : एक १ हर्ट्‌झची, जिच्यावर घटक काढायचे, आणि दुसरी ०.१ हर्ट्‌झची, जिच्यावर अंतिम विश्लेषण करायचे. पहिलीतून मिळालेले वेट्स, म्हणजे घटक वेगळे करणारे गुणक, 'एडिट' मधील 'डेटासेट इन्फो' च्या खिडकीतून दुसरीवर आणता येतात.

ईईजीत प्रत्येक व्होल्टेज दोन बिंदूंमधील फरक असतो, त्यामुळे रेफरन्स, म्हणजे तुलनेचा बिंदू, बदलला की नकाशाही बदलतो. 'रि-रेफरन्स द डेटा' मध्ये सरासरी रेफरन्स (सर्व चॅनलांच्या सरासरीशी तुलना) निवडावा आणि डोळ्यांची दोन चॅनले त्यातून वगळावीत. असे केल्यावर उरलेल्या ३० चॅनलांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते, म्हणजे २९ माहीत असली की तिसावे आपोआप कळते. ही २९ आणि डोळ्यांची दोन मिळून स्वतंत्र माहितीची संख्या, जिला रँक म्हणतात, ३२ वरून ३१ वर आली. वहीत लिहावे : पुढच्या पायरीत ३१ घटक मिळायला हवेत. एखादे खराब चॅनल शेजाऱ्यांवरून भरून काढले, तर प्रत्येकामागे रँक आणखी एकने कमी होते. हा हिशोब विसरून ३२ घटक मागितल्यास जवळजवळ एकसारखे दिसणारे दोन बनावट घटक निघण्याचा धोका असतो.

आयसीए : घटक वेगळे करणे

लग्नाच्या मांडवात सनई, मंगलाष्टके आणि पाहुण्यांच्या गप्पा एकाच वेळी चालू असाव्यात आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलेल्या मायक्रोफोनांनी त्यांचे निरनिराळ्या प्रमाणातील मिश्रण टिपावे, तसेच टाळूवरचे प्रत्येक इलेक्ट्रोड अनेक स्रोतांचे मिश्रण टिपते. इंडिपेंडंट कंपोनंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे आयसीए, ही मिश्रणे उलगडून एकमेकांपासून शक्य तितके स्वतंत्र स्रोत शोधते.

ती करण्यापूर्वी डेटा पुरेसा आहे का, हे तपासावे. जाणकार वापरतात तो ठोकताळा असा की, चॅनलसंख्येच्या वर्गाच्या किमान २० ते ३० पट नमुने हवेत. ३२ चा वर्ग १०२४. त्याने ३०५०४ ला भागले तर २९.८ येतात, म्हणजे आपली छोटी नोंद या कसोटीला उतरते. हाच हिशोब ६४ चॅनलांसाठी केला तर वर्ग ४०९६ होतो आणि २० पटीने ८१९२० नमुने लागतात. २५६ हर्ट्‌झने नोंद घेतल्यास ती किमान ३२० सेकंदांची हवी. सॅम्पलिंग रेट वाढवून हा आकडा फुगवता येतो खरा, पण शेजारचे नमुने एकमेकांसारखेच असल्याने त्यातून नवी माहिती फारशी मिळत नाही. नोंद लांब घेणे हाच खरा उपाय आहे.

'टूल्स' मधील 'डिकंपोज डेटा बाय आयसीए' निवडून रनिका ही पद्धत तशीच ठेवावी. कमांड विंडोत पायरीगणिक वेट्समधील बदलाचा आकडा छापला जातो आणि तो हळूहळू कमी होत जातो. मध्येच तो वाढून पद्धत पुन्हा सुरुवातीपासून चालू झाली, तरी घाबरू नये. काम संपल्यावर घटक किती मिळाले ते मोजावे. ३१ असतील तर पुढे जावे.

आता 'क्लासिफाय कंपोनंट्स युझिंग आयसीलेबल' चालवावे. हे साधन प्रत्येक घटकाला मेंदू, स्नायू, डोळा, हृदय, विजेचा गोंगाट, चॅनलचा गोंगाट आणि इतर अशा सात वर्गांतील शक्यता देते. त्याचा निकाल ब्रह्मवाक्य मानू नये. सरासरी रेफरन्स असलेल्या आणि १ ते १०० हर्ट्‌झमध्ये फिल्टर केलेल्या नोंदीवर ते वापरावे अशी अपेक्षा आहे, आणि आपली नोंद १२८ हर्ट्‌झची असल्याने तिच्यात ६४ हर्ट्‌झच्या वरचे काही असूच शकत नाही. स्नायूंची ओळख मुख्यतः वरच्या वारंवारतांवर होत असल्याने तेथे विशेष सावध राहावे.

म्हणून प्रत्येक संशयित घटकावर क्लिक करून तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात : नकाशा, वेळेनुसार चढउतार आणि स्पेक्ट्रम. पापणीच्या घटकाचा नकाशा कपाळाशी गडद आणि मागे फिकट असतो, त्याच्या चढउतारात सुटे सुटे उंचवटे दिसतात, आणि स्पेक्ट्रममध्ये १० हर्ट्‌झजवळ उंचवटा नसतो. नकाशातील लाल-निळ्या रंगांच्या अदलाबदलीला अर्थ नाही, कारण घटकाचे चिन्ह मनमानी असते. स्क्रोल खिडकीत पापण्यांचे जे सेकंद आधी लिहून ठेवले होते, त्याच सेकंदांना या घटकात उंचवटे आले तर ओळख पक्की झाली. मग 'रिमूव्ह कंपोनंट्स फ्रॉम डेटा' मध्ये त्याचा क्रमांक द्यावा आणि मान्यता देण्यापूर्वी तेथेच मिळणाऱ्या आधी-नंतरच्या तुलनेत दोन गोष्टी पाहाव्यात : एफपीझेडवरचे उंचवटे गेले पाहिजेत, आणि ओझेडची रेषा जवळजवळ जशीच्या तशी राहिली पाहिजे. ओझेडही बदलली असेल तर आपण डोळ्याबरोबर मेंदूही कापला आहे. पहिल्या सरावात डोळ्यांचे एक-दोन घटक काढून थांबावे. दहा-बारा घटक काढून नोंद गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा.

तुकडे पाडणे आणि सरासरी

'एक्स्ट्रॅक्ट इपॉक्स' मध्ये 'स्क्वेअर' हा इव्हेंट आणि –१ ते २ सेकंद ही मर्यादा द्यावी. अंदाज सोपा आहे : ८० तुकडे, प्रत्येकी ३ गुणिले १२८ म्हणजे ३८४ फ्रेम. इव्हेंटांची संख्या १५४ पेक्षा थोडी वाढलेली दिसली तर नवल नाही, कारण एकच इव्हेंट दोन शेजारच्या तुकड्यांत मोजला जाऊ शकतो. लगेच बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी शून्य धरायचा आधीचा काळ, विचारली जाते. तेथे –१००० ते ० मिलीसेकंद द्यावेत, आणि नंतर –२०० ते ० देऊन निकाल किती हलतो ते पाहावे. केवळ सरासरी काढायची असती तर इतके लांब तुकडे लागले नसते. परंतु वेळ-वारंवारता विश्लेषणात ३ हर्ट्‌झच्या तीन लाटांसाठी एक सेकंदाची खिडकी लागते आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा सेकंद वाया जातो, म्हणून आधीच मोकळीक ठेवलेली बरी.

डोक्याच्या मागच्या वरच्या भागातील पीझेड चॅनलची सरासरी काढल्यावर चौकोनानंतर सुमारे ३०० ते ५०० मिलीसेकंदांत एक ठळक धन उंचवटा दिसला पाहिजे. येथेच थांबू नये. 'चॅनल ईआरपी इमेज' मध्ये (ईआरपी म्हणजे एखाद्या घटनेशी जोडलेला मेंदूचा प्रतिसाद) ८० तुकडे एकाखाली एक रंगीत ओळींच्या रूपात मांडले जातात. त्यांचा क्रम 'आरटी' च्या वेळेनुसार लावावा आणि स्मूदिंग (शेजारच्या ओळींची सरासरी) आधी १ ठेवावे. बटणाच्या क्षणांची काळी रेषा तिरकी सरकत जाते. धन पट्टा उभा सरळ राहतो की त्या तिरक्या रेषेच्या मागोमाग वळतो, हे नीट पाहावे. सरळ राहिला तर तो प्रतिसाद चौकोनाशी बांधलेला आहे. वळला तर निर्णयाशी किंवा बटण दाबण्याशी. साध्या सरासरीत हा फरक पूर्णपणे पुसला जातो. बटणाचा इव्हेंट नसलेल्या तुकड्यांचे या क्रमवारीत काय झाले, हेही तपासावे. त्यांची संख्या आपण आधीच लिहून ठेवली आहे.

सगळे झाल्यावर कमांड विंडोत ई-ई-जी-एच ही चार अक्षरे इंग्रजी लहान लिपीत टाइप करावीत. आतापर्यंतच्या सर्व क्लिकांच्या आज्ञा क्रमाने छापून येतात. त्या एका फाइलमध्ये चिकटवून, सॉफ्टवेअर बंद करून, मूळ नोंदीवर पुन्हा चालवाव्यात. घटकांचा क्रम पुन्हा तोच येईल याची खात्री नसल्याने काढायच्या घटकाचा क्रमांक आंधळेपणाने पुन्हा वापरू नये. वेट्स जपून ठेवावेत किंवा घटक पुन्हा पाहावेत.

स्वतःच्या नोंदीकडे वळताना

आपल्याकडे नोंद घेताना दोन गोष्टी विशेष छळतात. पहिली म्हणजे केसांचे तेल. सहभागी व्यक्तीला आदल्या रात्री शाम्पूने केस धुऊन, तेल न लावता येण्यास लेखी सांगावे, नाहीतर टोपी घालून अर्धा तास झाला तरी इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड व टाळू यांच्यातील विद्युत अडथळा, खाली येत नाही. दुसरी म्हणजे वीज. भारतात मुख्य विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे, अमेरिकेत ६०. परदेशी पाठातील आकडा जसाच्या तसा उतरवल्यास फिल्टर भलत्याच ठिकाणी लागतो. नोंद घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, आणि जवळपासचे चार्जर, पंखा व ट्यूबलाइट बंद करून स्पेक्ट्रममधला ५० चा सुळका किती घटतो ते पाहावे. उगमाशी बंद केलेला गोंगाट नंतर फिल्टरने काढलेल्या गोंगाटापेक्षा केव्हाही परवडतो.

रुग्णालयातील यंत्रांतून नोंद बहुधा ईडीएफ या प्रमाणित फाइल-स्वरूपात मिळते. या फाइलच्या सुरुवातीच्या भागात रुग्णाच्या ओळखीसाठी ८० अक्षरांची जागा राखलेली असते, आणि तीत अनेकदा खरे नाव भरलेले असते. फाइलचे नाव बदलले तरी आतले नाव तसेच राहते. म्हणून आयात करण्यापूर्वी, आणि सहकाऱ्याला किंवा मार्गदर्शकाला पाठवण्यापूर्वी तर नक्कीच, ती जागा पुसून तेथे फक्त सांकेतिक क्रमांक घालावा, आणि नाव व क्रमांक यांची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी.